इरावती उर्फ कानाए

शनिवार, १८ जानेवारी २०२५, क्रॉयडन

चौतीस वर्षं पुण्यात लग्नं नोंदवण्यात गेली. हजारो जोडपी समोरच्या बाकावर बसून सह्या करून गेली. त्यांचं पुढे काय झालं ते बघायची पाळी कधी आली नव्हती. ती आता आली, आणि तीही घरच्या घरी.

आज कानाए आली होती. माझी सून. म्हणजे बारा डिसेंबरपर्यंत होती. त्या दिवशी इथल्या कोर्टाची फायनल ऑर्डर आली आणि यशोधनचा आणि तिचा दहा वर्षांचा संसार एका पानात आटोपला. मी नोव्हेंबरातच आलो, सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर. म्हटलं पोरगा एकटा पडेल. पोरगा काही एकटा पडलेला दिसत नाही, सारखा बाहेरच असतो. आजही ती यायच्या दहा मिनिटं आधी बॅग उचलून जिमला गेला. जाताना म्हणाला, बाबा, ही तुमची लाइन आहे, तुम्हीच बघा.

ती दोन वर्षांपासून केंब्रिजला राहते, लॅबमध्ये नोकरी करते. तिथून ईस्ट क्रॉयडनला थेट गाडी आहे, तरी पावणेदोन तास लागतात. आली ती फाइल घेऊनच. भानगड अशी आहे. जपानमध्ये प्रत्येक घराची एक सरकारी नोंद असते, कोसेकी म्हणतात. जन्म, लग्न, घटस्फोट, मृत्यू, सगळं त्या एका जागी. बाहेरदेशी घटस्फोट झाला तर तो कागद दूतावासात नेऊन द्यायचा, मग तिकडे नोंद होते. हिने नेला. खिडकीतल्या बाईने वाचला आणि अदबीने परत केला. कारण ऑर्डरवर बायकोचं नाव इरावती यशोधन हिंगमिरे असं आहे, आणि त्यांच्या नोंदीत यशोधनची बायको कानाए आहे. थोडक्यात, इंग्लंडच्या कोर्टाने कुणा दुसऱ्याच बाईला मोकळं केलं, आणि जपानच्या दृष्टीने कानाए अजून आमच्याच घरात आहे.

दुसरी गोष्ट तिने चहा संपल्यावर सांगितली. लग्नानंतर तिने तिकडे रीतसर अर्ज करून हिंगमिरे आडनाव लावलं होतं. माहेरचं इनागाकी परत हवं असेल तर घटस्फोटापासून तीन महिन्यांत कळवावं लागतं. म्हणजे बारा मार्चच्या आत. त्यानंतर जपानच्या कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या, आणि ते हो म्हणेल याची खात्री नाही.

मला ऐकून बरं वाटलं नाही. माझ्याच वहीत खोटं कशाला लिहू? दहा वर्षं वापरलेलं आडनाव एवढं काय बोचायला लागलं? पण तोंडाने म्हटलं, बघतो.

सोमवार, २० जानेवारी

इरावती हे नाव कुठून आलं ते लिहून ठेवतो.

यांचं पहिलं लग्न टोकियोत, २०१४ च्या मे महिन्यात. यशोधनला कंपनीने तिकडे पाठवलं होतं. तिथल्या ऑफिसात फॉर्म दिला, झालं लग्न. ना अक्षता, ना पंगत. डिसेंबरात पुण्याला आले तेव्हा आम्ही रीतसर लावलं. लीलाने, माझ्या बायकोने, ताटात तांदूळ पसरून यशोधनला अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायला लावलं. नाव तिनेच शोधलेलं, दोन महिने वही घेऊन बसली होती. कानाए हे नाव वाईट होतं असं नाही, पण लीलाच्या जिभेवर ते बसेना. इरावती ठरलं आणि संध्याकाळपर्यंत त्याचं इरा झालं.

आठवड्याने मी लग्न नोंदवायला माझ्या जुन्या ऑफिसात गेलो. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, पण टेबलावरची माणसं माझ्याच हाताखाली शिकलेली. फॉर्म मी स्वतः भरला. वधूचं नाव पासपोर्टवर असतं तेच लिहायचं असतं, हे मला कोणी शिकवायला नको. मी इरावती यशोधन हिंगमिरे लिहिलं. त्यांतल्याच नंदूने सही केली, कारण मी भरलेला फॉर्म नंदू कधी वाचत नसे. सर्टिफिकेट दोन दिवसांत हातात. लीला ते सोसायटीभर दाखवत फिरली.

मागच्या वर्षी यशोधनने घटस्फोटाचा अर्ज ऑनलाइन भरला, ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत. टोकियोचा कागद जपानीत, त्याचं भाषांतर कोण करत बसणार, म्हणून त्याने पुण्याचा जोडला आणि नावही त्यावरूनच उतरवून काढलं. आता चूक म्हणावी तर कोणाची? मी नियम सोडून काही केलं नाही. म्हणजे फारसं नाही.

शनिवार, २५ जानेवारी

कानाए साडेदहाच्या गाडीने आली. डायनिंग टेबलावर बसून ऑर्डरचं जपानीत भाषांतर करत होती. स्वतः केलेलं चालतं म्हणे, खाली नाव घातलं की झालं. आमच्या ऑफिसात असं कोणी केलं असतं तर मी दारातून परत पाठवला असता.

मी जरा बोललोच तिला. म्हटलं, कोर्टाचा अर्ज तुझ्याकडेही आला असेल ना? तुम्ही जपानी माणसं एवढी काटेकोर, आणि नाव चुकलंय हे बघितलं नाहीस? ती म्हणाली, "बघितलं, बाबा. माझंच नाव होतं, म्हणून काही बोलले नाही."

हे काय उत्तर झालं? कागदाच्या बाबतीत ही मुलगी यशोधनइतकीच कच्ची निघाली.

नंदूला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं होतं, सर्टिफिकेट दुरुस्त होईल का. त्याचा व्हॉइस मेसेज आला. साहेब, दहा वर्षांपूर्वीची नोंद, आता सगळं कॉम्प्युटरवर, कोर्टाच्या हुकुमाशिवाय कोणी हात लावत नाही. पूर्वी मला साहेब म्हणताना त्याचा आवाज वेगळा असायचा. असो.

ती गेल्यावर अर्ध्या तासाने यशोधन आला, बरोबर ऑफिसातली मनीषा. मूळची नागपूरची, मोकळ्या स्वभावाची. मेथीचे पराठे घेऊन आली होती. चहा तिनेच केला. या स्वयंपाकघरात साखर कुठे असते ते मला दोन महिन्यांत सापडलेलं नाही, तिने पहिल्या झटक्यात डबा काढला. हुशार आहे. यशोधनला अशी चार माणसं भोवती आहेत हे बघून जिवाला बरं वाटलं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

कोर्टाकडून ऑर्डरची साक्षांकित प्रत यायची आहे. आली नाही. लायब्ररीत झेरॉक्स काढायला गेलो तो ट्रॅम उलट्या दिशेची पकडली. गुडघे बोलतायत. चार वाजताच अंधार पडायचा तो आता पाचला पडतो, एवढीच काय ती प्रगती.

कंटाळा आलाय. दुसऱ्यांचे कागद करताना मला कधी कंटाळा आला नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

प्रत आली. भाषांतर झालं. म्हणजे आता फक्त या दोन नावांची गाठ मारून देणारा एक कागद हवा. कोणीतरी जबाबदार माणसाने शपथेवर सांगायचं, की इरावती आणि कानाए एकच. दूतावासातल्या बाईने कानाएला तसं सुचवलंय. सोलिसिटरकडून करून घ्यायचं.

हे मी दहा मिनिटांत सांगू शकलो असतो. पण मी कानाएला म्हटलं, पुण्याच्या पत्त्याचा काही पुरावाही लागेल, तू तिथे राहत होतीस त्याचा, पुढच्या शनिवारी घेऊन ये. तो कोणी मागितलेला नाही. का बोललो कुणास ठाऊक. काम करणाऱ्याने फाइल जरा जाड ठेवावी, असं म्हणू.

दुपारी तिने पिठलं केलं. लीलाच्या पद्धतीने, लसूण ठेचून, वरून कच्चं तेल. दोघं जेवलो. यशोधन बाहेर होता. ती भांडी घासत होती आणि मी पुसत होतो. मला ते चाललं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सोलिसिटरकडे गेलो. सिया नाव, इथेच जन्मलेली, आईवडील ठाण्याचे. मराठी बोलते, पण तिच्या तोंडी कोण तो, कोण ती आणि कोण ते, याचा काही नेम नाही. "काका, तुमचा सही इथे पाहिजे, आणि हा तारीख मी टाकते." मुलगी गोड आहे, काम चोख.

मसुदा तयार होता. यशोधनने तिला फोनवर सगळं सांगून ठेवलं होतं. वाचला. इंग्रजी सरळ होतं. इरावती हे नाव पुण्याच्या दाखल्यात लिहिणाऱ्याच्या चुकीने पडलं. सदर महिला या नावाने कधीही ओळखली गेली नाही. तिने ते कधी वापरलं नाही.

मी पेन खाली ठेवलं. सियाला म्हटलं, हे घरी नेऊन वाचतो. ती म्हणाली, हवं ते बदलून देईन, पण फेब्रुवारी संपायच्या आत करा, दूतावासाची अपॉइंटमेंट लगेच मिळेलच असं नाही आणि बारा मार्च कोणासाठी थांबणार नाही.

ट्रॅममध्ये परत वाचला. लिहिणाऱ्याची चूक म्हणे. चौतीस वर्षांत माझ्या टेबलावरून एक नोंद दुरुस्तीला परत आली नाही. ही चूक की ते ‘कधीही ओळखली गेली नाही’, यांतलं मला कुठलं जास्त लागलं ते मलाच ठरवता येत नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी

कानाए पत्त्याचा पुरावा घेऊन आली. पुण्याच्या दवाखान्याचं एक जुनं पत्र, त्यावर आमच्या घरचा पत्ता आणि तिचं नाव. मी ते फाइलला लावलं. सोलिसिटरकडचं काय झालं म्हणून तिने विचारलं. म्हटलं, वकील लोक, त्यांना कधी घाई असते? अजून तयार नाही.

मसुदा तेव्हा माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होता. उचलली जीभ लावली टाळ्याला. बिचाऱ्या सियाच्या माथी मारलं.

ती मान डोलावून बरं म्हणाली. तिला सर्दी झाली होती, डोळे लाल. म्हणाली, एप्रिलमध्ये जपानला परत जायचं ठरतंय. मी म्हटलं, चांगलं आहे. मीही एप्रिलमध्येच चाललो. मग कितीतरी वेळ आम्ही दोघं कसला चहा घ्यायचा यावर बोलत बसलो.

बुधवार, १९ फेब्रुवारी

यशोधनशी भांडण झालं. पोरगा चाळिशीला आला, आता भांडायचं म्हणजे दोघांनाही धाप लागते.

सियाने त्याला ईमेल केली असावी. ऑफिसातून आल्या आल्या विचारलं, सही का नाही केली. मी म्हटलं, खोटं आहे म्हणून. तो म्हणाला, बाबा, एक फॉर्मॅलिटी आहे, तिचं काम होऊन जाईल, तुमचं काय जातं? तिला इरावती कोण म्हणायचं? मी तर एकदाही म्हटलं नाही.

म्हटलं, तुझी आई म्हणायची.

"आई हाक मारायची आणि ती ओ द्यायची, कारण ती पोलाइट आहे. जपानी आहे ती. तुम्ही तिला ठमाकाकू म्हटलं असतं तरी तिने ओ दिली असती."

मला त्याचा राग आला. लीला गेल्याला अडीच वर्षं होतील, आणि तिच्या पोराने तिच्या हौसेची अशी किंमत करावी. मी मसुदा टेबलावर आपटला आणि म्हटलं, तू करून घे सही कोणाकडून हवी त्याच्याकडून. तो म्हणाला, मला हे लवकर संपवायचंय, बाबा. मग म्हणाला की मनीषा आणि तो जूनमध्ये रजिस्टर करणार आहेत.

मी पाणी प्यायलो. विचारलं, किती दिवसांची ओळख. म्हणाला, चार वर्षं एका टीममध्ये आहोत. चार वर्षं म्हणजे माणूस पारखून घेतलंय म्हणायचं, यावेळी घाईघाईत काही नाही. मुलगी चांगली आहे. पण जेवण गेलं नाही.

शनिवार, २२ फेब्रुवारी

आज तिला खरं सांगायचं ठरवलं होतं. आली, कोट काढला, आणि मी खिशातला मसुदा तिच्यापुढे ठेवला. म्हटलं, नऊ दिवस झाले हा माझ्याकडे आहे. वाच.

तिने सावकाश वाचला, दोनदा. मग घडी घालून माझ्याकडे सरकवला. म्हणाली, हे खरं नाही.

मी विचारलं, तुला ते नाव आवडायचं का? खरं सांग, मला बरं वाटावं म्हणून नको.

ती म्हणाली, आधी नाही आवडलं. वाटलं, माझं नाव काढून घेतलं. पण आई दिवसातून वीस वेळा हाक मारायच्या, मग सवय झाली, मग आवडायला लागलं. २०२२ मध्ये लीला आजारी पडली तेव्हा यशोधनला रजा मिळेना, ही एकटी चार महिने पुण्यात येऊन राहिली होती. दवाखान्यात नर्सेसपासून सगळे तिला इराच म्हणायचे. "शेवटी आईंना तुमचं नावसुद्धा आठवत नव्हतं, बाबा. इरा आठवत होतं."

हे खरं आहे. मी ते आजवर कुठे बोललो नव्हतो, या वहीतही लिहिलं नव्हतं. शेवटचे बारा दिवस लीला माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, हे गृहस्थ कोण, इराला बोलवा. तेव्हा मी व्हरांड्यात जाऊन उभा राहायचो. मला कानाएचा हेवा वाटायचा.

मी म्हटलं, एवढं आहे तर मग परत का करतेस सगळं?

"नाव परत करत नाही. आडनाव परत करतेय." मग म्हणाली की तिचे वडील ओकायामाला एकटे आहेत. एक्याऐंशी वर्षांचे, आता स्वयंपाकघरातला गॅस बंद करायला विसरतात. एप्रिलपासून तिला त्यांच्याजवळ राहायचंय, त्यांच्यासाठी दवाखान्यात सह्या करायच्यात. पुण्यात लीलासाठी सह्या करताना तिला कोणी विचारलं नाही तू कोण, कारण आडनाव एक होतं. तिकडे मात्र प्रत्येक खिडकीवर विचारतील, हिंगमिरे म्हणजे कोण, यांची कोण लागता. तिला दर वेळी घटस्फोट सांगावा लागेल. तिला तो सांगायचा कंटाळा आलाय.

एवढी साधी गोष्ट. आणि मी महिनाभर मनात धरून बसलो होतो की आमचं आडनाव हिला बोचतंय.

जाताना बूट घालता घालता ती म्हणाली, "तुम्ही खोटं लिहू नका, बाबा. पण उशीरपण करू नका. पुण्याच्या पत्त्याचा पुरावा लागत नाही, मला माहीत होतं. यादी माझ्याकडेच आहे. मलाही शनिवार हवा होता."

ती गेल्यावर दार लावायचं राहून गेलं, शेजारच्या बाईंनी येऊन सांगितलं.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

नवा मसुदा मी लिहिला. आधी मराठीत, माझ्या पद्धतीने, मग सियाने इंग्रजीत टाइप केला. इथे नक्कल ठेवतो.

मी, उल्हास गणपत हिंगमिरे, वय ७१, निवृत्त हेडक्लार्क, गांभीर्यपूर्वक जाहीर करतो की, कानाए, माहेरची इनागाकी, हिचा विवाह माझा मुलगा यशोधन याच्याशी झाला होता. विवाहसमयी माझ्या पत्नीने आमच्या रूढीप्रमाणे तिला इरावती हे नाव दिले. सदर नाव विवाहाच्या दाखल्यात वधूच्या रकान्यात मी स्वतः लिहिले. ते तिथे लिहायचे नसते हे मला तेव्हाही माहीत होते. ही चूक माझी आहे, अन्य कोणाची नाही. सदर महिला आमच्या घरात या नावाने ओळखली जात असे व हाक मारल्यास ओ देत असे. माझ्या पत्नीच्या अखेरच्या आजारात चार महिने तिने याच नावाने तिची शुश्रूषा केली. त्या काळात माझा मुलगा एकदाही येऊ शकला नाही. इरावती यशोधन हिंगमिरे व कानाए हिंगमिरे या दोन स्त्रिया नसून एकच आहे.

"चूक माझी" हे दोन शब्द लिहायला मला पाऊण तास लागला. लिहिल्यावर काही झालं नाही. छत कोसळलं नाही.

सियाने सगळं वाचलं आणि विचारलं, काका, तो मुलाचा वाक्य पाहिजे का, त्याचा गरज नाहीये. मी म्हटलं, राहू दे, त्याला रजा नव्हती एवढंच म्हणायचंय. ती माझ्याकडे बघून म्हणाली, ओके काका. मी हात वर करून इंग्रजीत म्हटलं की हे खरं आहे असं मी मानतो. सही केली. बऱ्याच वर्षांनी सही वळणदार आली.

कानाएला फोन करून सांगितलं. तिने लगेच अपॉइंटमेंट बघितली, पाच मार्चची मिळाली. भाषांतर तोवर करते म्हणाली. 

शनिवार, १ मार्च

आज यायची गरज नव्हती, ती आली नाही. मी एकटाच पिठलं करायला गेलो आणि गुठळ्या झाल्या.

बुधवार, ५ मार्च

दूतावासात मीही गेलो. मला कोणी बोलावलं नव्हतं. म्हटलं, फाइल मी धरतो. पिकॅडिलीला स्टेशनच्या जिन्यापाशी ती उभी होती, काळा कोट, केस बांधलेले. नोकरीच्या मुलाखतीला आल्यासारखी दिसत होती.

नंबर आला. खिडकीतली बाई साधारण पन्नाशीची, अतिशय शांत. एकेक कागद घेऊन ती बोटाने ओळ धरून वाचत होती. मी तिच्याकडे बघत होतो आणि मनातून म्हणत होतो, हां, असं वाचायचं असतं. ऑर्डर, तिचं भाषांतर, घटस्फोटाची नोंद करायचा फॉर्म, आडनावाचा दुसरा फॉर्म. मग माझं प्रतिज्ञापत्र. ते तिने दोनदा वाचलं. एकदा मान वर करून काचेतून माझ्याकडे बघितलं आणि किंचित वाकली. मीही वाकलो, कंबर धरली होती तरी.

मग तिने जपानीत काहीतरी विचारलं. कानाए बोलली ते अगदी थोडं. बाईने ते एका कागदावर लिहून घेतलं, आणि खिडकीखालून टिश्यूचं पाकीट पुढे सरकवलं. तेव्हा मला कळलं की कानाए रडतेय.

सगळं स्वीकारलं. नोंद व्हायला काही आठवडे लागतील, पण तारीख आजची धरली जाईल. सात दिवस शिल्लक ठेवून काम झालं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, काय विचारलं तिने? कानाए म्हणाली, "प्रतिज्ञापत्र देणारे हे गृहस्थ आता तुमचे कोण लागतात, असं विचारलं. घटस्फोट झाला की आमच्याकडे सासरचं नातं संपतं. मी म्हटलं, आता कोणी लागत नाहीत."

रस्त्यावर गर्दी होती, दुपारची वेळ. दोन लाल बस गेल्या. मी म्हटलं, बरोबर सांगितलंस. रकान्यात खरं तेच लिहावं. हे म्हणून मी रुमाल शोधत राहिलो. दहा वर्षांपूर्वी एक रकाना मी हौसेने भरला, त्याचा घोळ निस्तरायला तीन देशांचे कागद लागले. आज तिने एक रकाना खरा भरला, तर मला सोसवेना.

ती माझा हात धरून स्टेशनचा जिना उतरली. तिला सेंट पँक्रसकडे जायचं होतं, मला व्हिक्टोरियाकडे. खाली पोचल्यावर आम्ही दोघंही उभेच राहिलो. लोक आमच्या दोन्ही बाजूंनी जात होते.

ती म्हणाली, "शनिवारी येऊ?"

सवयीने मी विचारलं, कुठला कागद राहिलाय?

"एकही नाही."

"मग ये," म्हटलं. साडेदहाच्या गाडीने ये, म्हणजे जेवायला वेळेवर होईल.